हैबतरावांच्या अठरा खेपांची बखर

श्रीनाद प्रसन्न. ज्याने ढगास गडगडाट दिला आणि माणसास कान दिले, त्यास आधी नमस्कार. आणि कानांस झाकण दिले नाही म्हणोन त्यासच दुसरा नमस्कार, की झाकण असते तर पुढील हकीकत घडतीच ना. स्वस्ति श्री नृप शालिवाहन शके एकोणीसशे दोन, रौद्र नाम संवत्सर, वैशाख शुद्ध पंचमी, ते दिवशी हार्ड रॉकच्या दौलतीत ‘शेष’ नामे अल्बमाची मोहीम सुरू जाहली आणि त्रयोदशीस फत्ते पावली. पुढे त्या तबकडीचा खप ऐसा जाहला की मागे कोणाचा जाहला नाही. लोक पुसतात, ऐसे त्यात काय होते? त्यास उत्तर देणे कठीण. जे नव्हते तेच मोठे होते, ते आधी सांगावे लागते.

ही दौलत कोठली आणि तिचे ठाणे कोणत्या गावी, हे पुसू नये. तिला मुलूख नव्हता. आवाज पोचेल तेथवर हद्द, आणि आवाज बहुत दूर पोचे. दौलतीचे धनी मानाजीराव, इलेक्ट्रिक गिटारीचे सरदार, मर्जी तापट, परंतु देवाधर्माचे नाव काढिले की मेणाहून मऊ. ड्रमावर दर्याजी, अंगाने पहाड, बोलणे सरळ. खर्जाच्या तारेवर भिकाजी, जे अकरा वर्षांत अकरा वाक्ये बोलिले, तीही जेवणाविषयी. आणि गाणारे हैबतराव. हे किडकिडीत, पाच फुटांवर दोन बोटे, भाजीवाल्याशी भाव करावयाचा तर कुजबुजून करीत. परंतु मायक्रोफोनासमोर तोंड उघडिले की भिंतीचा गिलावा सुटे. येवढ्याशा देहात येवढा आवाज ठेवितात कोठे, हे कोडे कोणास उलगडले नाही. पाचवे यादोपंत कळंबेकर, स्टुडिओ म्हणोन जो काचेचा महाल, त्यात काचेच्या अलीकडे टेपच्या यंत्रावर बसत. गाणे धरून ठेवणे हे त्यांचे काम. यंत्रास काचेच्या बाजूस, उभ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, एक तांबडी कळ होती, ती दाबिली की फीत फिरे, आणि काचेवर तांबडा दिवा लागे, त्यावरून पलीकडच्यांनी समजावे की आता धरले जात आहे. ही बखर त्या दिव्याची आणि यादोपंतांची.

या दौलतीत एक चाल होती की पहिली खेप देवाची. म्हणजे ऐसे की कोणतेही गाणे त्या दिवशी प्रथम गाइले जाई, ते यंत्रावर धरीत नसत. नारळ फुटे, सर्वजण जोडे काढीत, मग यादोपंत काचेपाशी उभे राहून दोन्ही हात डोक्यावर धरीत, कळ दाबिली नाही हे सर्वांनी पाहावे म्हणोन, आणि गाणे सरेतो हात वर ठेवीत. मग दुसरी खेप माणसांची, ती धरीत, तीच तबकडीवर जाई. तुकडे जोडणे, चूक पुसून नवी बसवणे, हे मानाजीरावांस मंजूर नव्हते. सर्वांनी एकदम वाजवावे आणि होईल ते होईल. या चालीची कीर्ति इतकी वाढली की दुसऱ्या पाचसात दौलतींनी ती उचलिली, आणि वर्तमानपत्रांतून लेख आले की ही फार प्राचीन परंपरा.

प्राचीन म्हणजे अकरा वर्षांची. शके अठराशे एक्क्याण्णव, संवत्सराचे नाव सौम्य, आणि त्या सौम्य वर्षी ही मंडळी पहिला अल्बम करावयास महालात शिरली. यादोपंत तेव्हा नवे. वडील बाजापेट्या दुरुस्त करीत, त्यांच्या हाताखाली कान तयार जाहला होता, आणि आपण सर्व ऐकिले आहे ऐसा त्यांस थोडा गर्व होता. मग हैबतरावांनी पहिले गाणे उचलिले, आणि यादोपंत जागच्या जागी बसून राहिले, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि चष्मा काढून पुसावा तर हात उचलेना, आणि सात मिनिटे कशी गेली ते कळले नाही. गाणे सरले. मानाजीराव घामाने निथळत काचेपाशी आले आणि म्हणाले, “पंत, यासारखे पुन्हा होणे नाही. ऐकवा.” यादोपंतांनी खाली पाहिले तो फीत जागची हललीच नव्हती. कळ दाबावयाची राहून गेली होती.

येथे कोणीही भला माणूस चुकलो म्हणता. यादोपंत भलेच होते, परंतु नोकरीचा पहिला दिवस, समोर मानाजीरावांच्या मिशा, आणि गळ्यात अजून हुंदका. तोंडातून निघाले ते ऐसे, “ऐकवता येत नाही. पहिली खेप देवाची असते. ती धरून ठेवू नये, अशी आमच्या घराण्याची चाल आहे.” घराण्यात चाल होती ती येवढीच, की गिऱ्हाइकाने पेटी आणिली की उद्या या म्हणावे. परंतु मानाजीरावांनी गिटार खाली ठेविली, दोन्ही कान धरिले आणि म्हणाले, “येवढी वर्षे वाजवतो आहोत, आम्हांस हे कोणी सांगितलेच नाही.” आणि जोडे काढून आले. मग दुसरी खेप जाहली, ती धरिली, तो अल्बम वणव्यासारखा पसरला, आणि मानाजीरावांनी ठरविले की हे देवाच्या वाट्याचे फळ. त्यानंतर यादोपंतांस खरे बोलावयास जागाच उरली नाही. पुढले तीन अल्बम याच रीतीने जाहले आणि खोट्यावर वर्षाकाठी एकेक पूट चढत गेले.

असो. शके एकोणीसशे दोनाच्या चैत्रात हैबतरावांच्या गुळणीत रक्त दिसले. घशाच्या मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिले, बहुत वेळ पाहिले, आणि मानाजीराव व यादोपंत यांस बाजूस घेऊन सांगितले की स्वरतंतूंवर गाठ आहे, ती काढिल्यावाचून जीव राहत नाही, आणि काढिली की बोलणे जेमतेम राहील, गाणे राहणार नाही. पंधरवड्याची मुदत दिली. मानाजीरावांनी पुसिले की तेवढ्यात नऊ गाणी होतील काय. डॉक्टर म्हणाले, “मी नकोच म्हणणार. पण ते ऐकायचे नाहीत, हे मला दिसतंय. तेव्हा एवढं पाळा. दिवसाला दोनदा. तिसऱ्यांदा गायले तर आवाज मध्येच मिटेल आणि परत उघडायचा नाही.” मानाजीराव म्हणाले, “दोन बस झाले. एक देवास, एक आम्हांस.” यादोपंत शेजारी उभे होते. त्यांनी मनात हिशेब घातला. या गळ्यात अठरा खेपा शिल्लक, आणि त्यांतील नऊ, ज्या ताज्या आवाजाच्या, त्या आपल्या एका थापेपायी वाऱ्यावर जाणार.

मोहिमेस सुरुवात जाहली. पंचमीस सकाळी नऊ वाजता नारळ फुटला, यादोपंतांनी हात वर धरिले, आणि हैबतरावांनी पहिली खेप गाइली ती ऐसी की दर्याजी ड्रम वाजविता वाजविता हसू लागले, जसे लहान मूल पाळण्यात उंच गेले की हसते तसे. मग दुसरी खेप. तीही मोठीच, सर्वांनी वाहवा केली. परंतु यादोपंतांच्या कानास फरक कळला. वरच्या पट्टीस गळा किंचित खरवडत होता. षष्ठीस तेच, सप्तमीस तेच, आणि फरक रोज वाढता. यादोपंत रोज घरून निघता ठरवीत की आज सांगावयाचे, आणि महालाच्या दारी जोड्यांची रांग पाहिली की तसेच आत जाऊन यंत्र पुसावयास घेत. हात वर धरून उभे राहावे आणि डोळ्यांदेखत सोने वाहून जाते ते पाहावे, ही शिक्षा त्यांनी आपली आपणच निर्माण केली होती.

अष्टमीस दर्याजी त्यांजवळ आले आणि म्हणाले, “पंत, मी आडानी मानूस, चुकलो तर माफी करा. पर देवाला येक डाव न्हाई दिली तर तो काय रुसंल व्हय? त्याच्याकडं गानाऱ्यांची काय कमी हाय?” यादोपंत फीत साफ करीत राहिले. नवमीस खुद्द मानाजीराव एकटे आले, खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “पंत, चाल तुमच्या घराण्याची. मोडा म्हणून सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण संकटसमयी काही सूट असते की नाही? तुम्ही हो म्हणा, आम्ही डोळे मिटून ऐकू.” देवाने आयते दार उघडून दिले होते. एक शब्द बोलावयाचा होता, आणि तोही खोटा चालला असता. परंतु यादोपंतांस इतका दरदरून घाम फुटला की ते म्हणाले, “वडिलांस विचारावे लागेल.” वडील वारून चौदा वर्षे जाहली होती. मानाजीरावांस हे ठाऊक होते. ते उठिले, यादोपंतांच्या खांद्यावर हात ठेविला आणि म्हणाले, “समजलो. पुन्हा विचारणार नाही.” आणि त्यांच्या मनात यादोपंतांविषयी आदर दुणावला, हे तर त्याहून वाईट जाहले.

मग त्रयोदशी आली. नववे गाणे, सर्वांत लांब आणि सर्वांत उंच, आणि दुसरे दिवशी हैबतरावांस इस्पितळात जावयाचे. यादोपंत त्या सकाळी दोन तास आधी आले. खिशात काळी चिकटपट्टी होती. खुर्चीवर चढून त्यांनी तांबड्या दिव्यावर ती पट्टी दोन पदरी चिकटवली, आणि कोपराने कळ दाबिता येते काय हे तीन वेळा करून पाहिले, आणि येत होती. हात वर राहतील, दिवा दिसणार नाही, फीत फिरेल. मित्रांस फसविणे नवे नव्हते, आता देवास फसवावयाचे येवढेच. ते खुर्चीवरून उतरतात तो मागे पाऊल वाजले. गळ्यास मफलर, हातात गरम पाण्याचा पेला, ऐसे हैबतराव दारात उभे.

हैबतरावांनी दिव्याकडे पाहिले आणि पुसिले, “पंत, दिव्यास काय झाले?” यादोपंतांचे अकरा वर्षांचे अवसान तेथे गळाले. ते खुर्चीत बसले आणि सर्व सांगितले, की घराण्यात ऐसी चाल नाही, की त्या दिवशी कळ दाबावयाची राहिली, की भिऊन थाप मारिली, की तिच्यापायी आठ खेपा गेल्या, आणि आजची तरी जाऊ नये म्हणोन ही पट्टी. सांगून मान खाली घालून बसले. हैबतराव घोट घोट पाणी पीत होते. पेला सरला तेव्हा म्हणाले, “मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.”

यादोपंतांस वाटिले की ऐकण्यात चूक जाहली. हैबतराव म्हणाले, “मी काचेकडे तोंड करून गातो. दिवा लागलेला नाही, हे मला दुसऱ्या ओळीलाच दिसले. थांबून सांगणार होतो. मग तुमच्याकडे पाहिले. तुम्ही रडत होता, चष्मा भिजलेला, आणि कसलेही भान नाही. माझे गाणे ऐकून माणूस स्वतःचे काम विसरला. पंत, मला त्याआधी कोणी असे ऐकले नव्हते. मग मी थांबलो नाही.” यादोपंत म्हणाले, “मग बोलला का नाहीत? अकरा वर्षे?” हैबतराव म्हणाले, “चाल मला आवडली. दिवा लागला की माझ्या मनात येते की हे राहणार आहे, आणि मी जपून गातो. दिवा बंद असला की काही राहणार नाही, म्हणून मी सगळे देतो. दुसऱ्या खेपेला मी पहिली आठवून गातो, एवढेच. तुम्ही धरता ती नक्कल आहे. तीही बरी आहे, लोक घेतात.” ऐसे म्हणोन ते हसले आणि खोकले, आणि खोकला थांबेना, आणि मफलरावर लाल ठिपका आला.

यादोपंत उठून उभे राहिले आणि म्हणाले, “पाया पडतो, आज दोन्ही धरू द्या. आजच्यानंतर गाण्यास उद्या नाही.” हैबतराव खुर्चीवर चढिले, नखाने पट्टी सोडविली, तिची गोळी करून यादोपंतांच्या मुठीत दिली आणि म्हणाले, “म्हणूनच नको. शेवटची एक मला भीतीवाचून गाऊ द्या. आणि मानाजीरावांस यातले काही सांगू नका, त्यांच्या जोड्यांना सवय झाली आहे.”

नऊ वाजता नारळ फुटला. सर्वांनी जोडे काढिले. यादोपंत काचेपाशी उभे राहिले, दोन्ही हात वर, एका मुठीत काळी गोळी, आणि कळ कोपरापासून वीतभर अंतरावर. पुढली नऊ मिनिटे कशी लिहावी हे कळत नाही. पहिल्या कडव्यास भिकाजींनी तारेवरून मान उचलिली, जी ते कधी उचलीत नसत. दुसऱ्या कडव्यास मानाजीरावांच्या गिटारीची तार तुटून गालास लागली, रक्त आले, ते त्यांस ठाऊक नाही, उरल्या पाच तारांवर ते वाजवीत राहिले. तिसऱ्या कडव्यास हैबतराव ज्या सुरावर चढिले तो सूर त्या गळ्याचा नव्हता, कोणत्याच गळ्याचा नव्हता, काच थरथरू लागली आणि यादोपंतांस वर धरिलेल्या तळहातांत तो सूर लागला, जसे उन्हात धरिले की ऊन लागते. तेथे हैबतरावांनी श्वास घ्यावयाचा होता. घेतला नाही. तसेच पुढे गेले, पुढल्या ओळीत, आणि तिच्याही पुढल्या. यादोपंतांचे कोपर कळेकडे दोन वेळा झुकले. दोन्ही वेळा काचेपलीकडून हैबतरावांनी त्यांजकडे पाहिले, रागाने नव्हे, आणि कोपर सरळ जाहले. शेवटचा सूर विरला. दर्याजी काठ्या मांडीवर ठेवून उघडपणे रडत होते.

मग दुसरी खेप. कळ दाबिली, तांबडा दिवा लागला. हैबतराव जपून गाइले, दोन कडवी निभावली, तिसऱ्यास आवाज फाटला, आणि शेवटच्या ओळीस आवाज राहिलाच नाही, केवळ श्वास राहिला, शब्दांच्या आकाराचा. दर्याजींनी आपण होऊन काठ्या आवरिल्या. मानाजीरावांनी तार दाबून धरिली. त्या शांततेत तो श्वास ओळ पुरी करून गेला. नंतर मानाजीराव म्हणाले, “शेवटली ओळ कापून टाका पंत, ऐकवत नाही.” यादोपंत अकरा वर्षांत प्रथमच धन्यास नाही म्हणाले. ओळ राहिली.

अल्बम निघाला. देवाचा वाटा काढून जे उरले ते, म्हणोन मानाजीरावांनी त्याचे नाव ‘शेष’ ठेविले, आणि मुखपृष्ठावर विझलेला दिवा, जो यादोपंतांनी सुचविला आणि ज्याचा अर्थ दोघांवाचून कोणास ठाऊक नव्हता. तबकडी बाजारात आली आणि चार दिवसांत सरली, पुन्हा छापिली आणि पुन्हा सरली. छापखाने रात्रंदिवस चालले, दर्यापार जहाजांतून पेट्या गेल्या, ज्या मुलखात ही भाषा कोणास येत नाही तेथे पोरे ती गाणी तोंडपाठ म्हणू लागली, आणि अडीच कोट तबकड्या घरोघर पोचल्या. सर्वत्र एकच बोलणे, की शेवटली ती ओळ, तो श्वास, येवढे मोठे गाणे कोणी गाइले नाही. विद्वानांनी त्या श्वासावर ग्रंथ लिहिले. यादोपंत ते वाचीत आणि चष्मा काढून ठेवीत.

हैबतरावांची गाठ निघाली, जीव वाचला, बोलणे कुजबुजीइतके राहिले. भाजीवाल्यास काही फरक कळला नाही. मग दर साल वैशाख शुद्ध त्रयोदशीस सकाळी ते महालात येऊ लागले. यादोपंतांसमोर खुर्ची घेऊन बसत आणि म्हणत, “पंत, सांगा.” कारण गाताना माणूस आपले ऐकत नाही, ती खेप कशी जाहली हे गाणाऱ्यास ठाऊक नव्हते. मग यादोपंत सांगत, ओळीमागून ओळ, की येथे आपण खालून आलात, येथे जरा थांबलात, येथे श्वास घेतला नाहीत. हैबतराव डोळे मिटून गुडघ्यावर ताल धरीत. अकरा वर्षे एकही साल चुकले नाही.

शके एकोणीसशे तेरा, प्रजापती नाम संवत्सर, यादोपंत थकले होते, वयही जाहले होते. सांगता सांगता तिसऱ्या कडव्यास ते अडले. येथे आपण, येथे आपण, ऐसे दोन वेळा म्हणाले आणि पुढले आठवेना. त्यांनी कपाळास हात लाविला. जगात त्या खेपेची एकच प्रत होती आणि तिला वाळवी लागली, हे ध्यानी येऊन त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, “हैबतराव, गेले. माझ्याकडून गेले.” हैबतरावांनी डोळे उघडिले नाहीत. अकरा वर्षे ऐकून ऐकून त्यांस ते आता पाठ जाहले होते. त्यांनी गुडघ्यावरील ताल मोडिला नाही, आणि त्या उरल्यासुरल्या कुजबुजीत, आवाजाविना, परंतु सुरास धरून, त्यांनी तिसरे कडवे उचलिले. जेथे श्वास घ्यावयाचा तेथे घेतला नाही. पुढल्या ओळीत गेले, आणि तिच्याही पुढल्या. महालात दुसरे कोणी नव्हते, यंत्र समोर होते, फीत चढविलेली होती आणि कळ हाताशी होती. यादोपंतांचे दोन्ही हात डोळ्यांवर होते. गाणे सरल्यावर हैबतरावांनी काचेवरील दिव्याकडे पाहिले आणि त्यांस हसू आले. कळ दाबावयाची राहून गेली होती.

येणेप्रमाणे अठरा खेपा आणि वर ही एक, मिळून एकोणीस. नऊ जगाकडे आहेत, ज्यास पाहिजे त्याने लावून ऐकाव्या आणि शेजाऱ्यांनी भिंत ठोकिली तरी आवाज कमी करू नये. उरल्या दहा यादोपंतांनी धरिल्या नाहीत. हकीकत जैसी जाहली तैसी लिहिली, अधिक उणे वाचणाराने सांभाळून घ्यावे.